किल्ल्यातली शिल्पं पाहायची कशी? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

इटलीतल्या व्हेरोना शहरातल्या कास्तेलव्हेक्कियो या जुन्या किल्ल्यात शिरलं, की शिल्पांच्या दालनात काही मूर्ती चक्क आपल्याकडे पाठ करून उभ्या दिसतात. मांडणाऱ्याची चूक झाली असावी, असं आधी वाटतं. पण चूक नाही. कार्लो स्कार्पा या वास्तुकाराने १९६४ पर्यंत या किल्ल्यातलं संग्रहालय नव्याने घडवलं, तेव्हा त्या मुद्दामच तशा ठेवल्या. चेहरा पाहायचा तर मूर्तीला वळसा घालावा लागतो. आणि वळसा घालता घालता पाठीवरच्या वस्त्राच्या चुण्या, दगडाची जाडी, खिडकीतून येणारा उजेड हे सगळं आपसूक पाहून होतं.

किल्ल्यातलं शिल्पप्रदर्शन पाहण्याची अर्धी विद्या या वळशात आहे. उरलेली अर्धी म्हणजे तिकीट, बॅग, बूट आणि वेळ. तीही हलक्यात घेऊ नका. प्रवासात आपण आधीच दमलेले असतो, हातात अर्धा दिवस असतो आणि पाठीवर बोचकं.

आधी तिकीट नीट वाचा

किल्ल्याचं तिकीट आणि प्रदर्शनाचं तिकीट एकच असेल असं धरून चालू नका. कुठे दोन्ही एकात असतं, कुठे प्रदर्शनाचे वेगळे पैसे, कुठे किल्ल्याचं अंगण सगळ्यांना मोकळं आणि फक्त दालनांना तिकीट. मिलानचा स्फोर्झा किल्ला असाच आहे. त्याच्या चौकांतून कुणीही फिरावं, आतल्या संग्रहालयांत जायचं असेल तर तिकीट काढावं. त्यातही मायकेलअँजेलोचं अखेरचं शिल्प, रोंदानिनी पिएता, किल्ल्याच्या आवारातच पण एका स्वतंत्र इमारतीत आहे. हे ठाऊक नसलं की माणूस मुख्य संग्रहालयात तासभर फिरतो आणि शेवटी रखवालदाराला विचारतो, 'ते कुठं आहे?'

मग तारखा बघा. तात्पुरतं प्रदर्शन असेल तर कधी संपतं हे बघायला आपण विसरत नाही. दोन प्रदर्शनांच्या मधे दालनं बंद असतात, हे मात्र विसरतो. जड शिल्पं उतरवायची, पेट्यांत भरायची, नवी आणून उभी करायची, याला आठवडे लागतात. मी एकदा असाच हौसेने पोचलो होतो. किल्ला उघडा होता, तिकीटही मिळालं, आत मात्र लाकडी पेट्यांची रांग आणि एक बंद दार. पेट्या सुबक होत्या, एवढंच म्हणेन.

युरोपातली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या वेळेआधी अर्धा-पाऊण तास तरी असतो, आणि तटबंदीवर शिल्पं मांडलेली असतील तर वादळी वारा किंवा पाऊस असला की तो भाग बंद ठेवतात. त्यामुळे प्रवासाच्या अगदी शेवटच्या दिवशी, विमानाच्या आधी 'उरकून टाकू' म्हणून हा कार्यक्रम ठेवू नका.

गुडघे दुखत असतील, बाळाची गाडी असेल किंवा चाकाची खुर्ची लागत असेल, तर आधी फोन किंवा ईमेल करून विचारा: लिफ्ट आहे का, असेल तर ती प्रदर्शनाच्या मजल्यापर्यंत जाते का? किल्ले बांधले गेले ते माणसं सहज आत येऊ नयेत म्हणून. त्या बांधणीत आता लिफ्ट बसवायची म्हणजे कसरत असते. काही ठिकाणी एका बाजूने चढता येतं आणि मधल्या चार पायऱ्यांपाशी वाट अडते. अशा वेळी बाजूचं एखादं दार उघडून देतात, पण तुम्ही येणार हे त्यांना ठाऊक हवं.

अंगावर काय, पाठीवर काय

बूट सपाट तळव्याचे आणि घट्ट पकड असलेले घाला. शतकानुशतकं पावलं पडून पायऱ्या मधोमध झिजलेल्या असतात, अंगणात गोट्यांची फरसबंदी असते, आणि ओला दगड साबणासारखा निसटतो. गोल जिन्यात बाहेरच्या, रुंद बाजूने चढा. वरून कुणी येत असेल तर खालीच थांबा. बाहेर कडक ऊन असलं तरी जाड भिंतींच्या आत गार असतं. एक पातळ जॅकेट हाताशी ठेवा.

पाठीवरची बॅग हा शिल्पांचा सगळ्यात मोठा शत्रू. आपण वळतो तेव्हा बॅग आपल्या मागे अर्धा हात फिरते, हे आपल्या गावीही नसतं. म्हणून बहुतेक ठिकाणी ती लॉकरमध्ये ठेवायला सांगतात, निदान पोटाशी धरायला तरी. लॉकर लहान असतात. चाकांची मोठी बॅग घेऊन थेट स्टेशनवरून आलात तर दारातूनच परत जायची वेळ येऊ शकते. ती हॉटेलात किंवा स्टेशनवरच ठेवा. लॉकरसाठी एखादं नाणं खिशात असू द्या.

न्यायच्या गोष्टी मोजक्याच: शिसपेन्सिल, लहानशी वही आणि असेल तर छोटी दुर्बीण. पेन नको. शाईचे डाग पडतात म्हणून दालनांत पेन चालत नाही, पेन्सिल चालते. दुर्बिणीला लोक हसतात, पण छताजवळ किंवा बुरुजाच्या टोकावर बसवलेली मूर्ती पाहायची वेळ आली की तीच मागून घेतात.

आत शिरल्यावर लगेच शिल्पाकडे धावू नका

किल्ल्यातलं प्रदर्शन पांढऱ्या भिंतींच्या गॅलरीसारखं नसतं. गॅलरी स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही, किल्ला घेतो. उंच कमानी, जळका धूर बसलेली छतं, जाड भिंतीत खोल गेलेल्या खिडक्या. या सगळ्याकडे दुर्लक्ष करून मूर्ती पाहायची म्हटलं तर जमणार नाही, आणि जमवूही नये. पहिली पाच-दहा मिनिटं किल्ल्यालाच द्या. नकाशा घ्या, चौकात उभे राहा, आणि ज्या दालनात शिल्पं आहेत ते पूर्वी काय होतं हे शोधून काढा. शस्त्रागार? तुरुंग? प्रार्थनाघर? तबेला?

या एका प्रश्नाने किती फरक पडतो हे मिलानमध्ये कळतं. रोंदानिनी पिएता २०१५ पासून ज्या दालनात आहे, ते सोळाव्या शतकात किल्ल्यातल्या आजारी स्पॅनिश शिपायांसाठी बांधलेलं रुग्णालय होतं. शिल्प आहे मृत येशूला धरून उभ्या असलेल्या त्याच्या आईचं, मेरीचं. ज्या खोलीत कुणाकुणाचे मुलगे खाटांवर पडून होते, तिथे ती आता एकटी उभी आहे. हे माहीत नसलं तरी शिल्प सुंदरच आहे. माहीत असलं की मात्र पावलं आपोआप मंदावतात. आणि इथेही आत शिरल्यावर आधी दिसते ती मूर्तीची पाठच.

रोमचा कास्तेल सान्तांजेलो हे याचं दुसरं टोक. मुळात ही सम्राट हेड्रियनची समाधी, दुसऱ्या शतकातली. पुढे तिचा किल्ला झाला. सहाव्या शतकात गॉथ या जर्मॅनिक टोळीच्या लोकांनी वेढा घातला, तेव्हा आतल्या शिपायांनी समाधीवरचे पुतळे फोडून शत्रूच्या डोक्यावर फेकले, असं त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. शिल्पाचा असा उपयोग कुठल्याही माहितीफलकावर सुचवलेला नसतो. सतराव्या शतकात याच किल्ल्याच्या खंदकाजवळ एक झोपलेल्या वनदेवाचं संगमरवरी शिल्प मिळालं. ते आज म्युनिकमध्ये आहे, बार्बेरिनी फॉन या नावाने.

आपल्याकडेही असा प्रयोग झाला आहे. जयपूरच्या नाहरगडावरच्या माधवेंद्र भवनात २०१७ मध्ये आधुनिक शिल्पं मांडण्यात आली. या भवनात राण्यांसाठी बांधलेले एकसारखे नऊ महाल आहेत. एका महालातून दुसऱ्यात जाताना आपण नक्की कुठल्या महालात आहोत हेच कळेनासं होतं. अशा जागी शिल्पाचा खुणेच्या दगडासारखाही उपयोग होतो: 'ते मोठं लोखंडी काहीतरी होतं ना, तिथून डावीकडे.'

कुठून सुरुवात करायची

बहुतेक लोक आत आले की आधी बुरुजावर चढतात, वरून शहर पाहतात, फोटो काढतात आणि मग दमलेल्या पायांनी दालनांत येतात. तुम्ही उलट करा. दार उघडल्यावर पहिला तास दालनं जवळजवळ रिकामी असतात. शिल्प पाहायला चित्रापेक्षा जास्त जागा लागते, कारण फिरावं लागतं. आणि गर्दीत फिरता येत नाही. बुरूज कुठे जात नाही.

याला अपवाद एकच. शिल्पं अंगणात किंवा तटावर मांडलेली असतील तर सूर्य कलता असताना जा, सकाळी लवकर किंवा दुपार उतरल्यावर. भर दुपारी उजेड डोक्यावरून पडतो आणि शिल्पाचे सगळे चढउतार सपाट दिसू लागतात.

सगळी शिल्पं पाहायचा हट्ट सोडा. एकदा भरभर चालत पूर्ण फेरी मारा, कुठेही थांबू नका. मग मनात राहिलेल्या पाच-सहांकडे परत या. मला विचाराल तर चारही पुष्कळ.

एका शिल्पापाशी थांबल्यावर

आधी लांबूनच पाहा. माणूस कुठे उभा राहून पाहील याचा विचार शिल्पकाराने केलेला असतो. कास्तेलव्हेक्कियोतला कांग्रांदे देल्ला स्काला या व्हेरोनाच्या जुन्या सत्ताधीशाचा घोड्यावरचा पुतळा मुळात त्याच्या समाधीच्या शिखरावर होता, रस्त्यावरून मान वर करून पाहायचा. स्कार्पाने तो मोकळ्या हवेत पुढे काढलेल्या काँक्रीटच्या सज्जावर ठेवला. खालच्या चौकातून तो दिसतो, वरच्या पुलांवरून दिसतो, आणि अगदी जवळूनही. जवळ गेलं की कळतं, हा स्वार हसतोय. शेकडो वर्षं रस्त्यावरच्या किती लोकांना ते हसू दिसलं असेल?

मग वळसा. घड्याळाच्या दिशेने म्हणा की उलट, पण पूर्ण फिरा आणि दर दोन-तीन पावलांनी थांबा. कुठल्या जागी शिल्प सगळ्यात गप्प वाटतं, कुठे अचानक बोलायला लागतं, हे तुमचं तुम्हाला सापडेल. ते शिल्प भिंतीला टेकवलेलं असेल तर त्याची पाठ घडवलेली नसण्याची शक्यता आहे. कोनाड्यासाठी केलेल्या मूर्तीची पाठ शिल्पकार बऱ्याचदा ओबडधोबडच सोडत. अशी पाठ दिसलीच तर सोडू नका, कारण छिन्नी कशी चालली ते तिथे स्पष्ट दिसतं. टोकदार छिन्नीचे खोल ओरखडे, दातेरी छिन्नीच्या समांतर रेघा, आणि मग घासून गुळगुळीत केलेला भाग. पिएतामध्ये हे सगळं एकाच दगडावर आहे. मायकेलअँजेलो १५६४ च्या फेब्रुवारीत गेला, आणि जाण्याच्या काही दिवस आधीपर्यंत तो या दगडावर काम करत होता. मधेच त्याने आकृतीच बदलली. आधीच्या आकृतीचा एक हात तसाच बाजूला लटकत राहिलाय, कुणाच्याच शरीराला न जोडलेला. नवखा माणूस त्याला तुटका तुकडा समजतो. तो आहे बदललेला विचार.

त्यानंतर खाली वाका. उकिडवं बसता येत असेल तर उत्तम, नाहीतर नुसतं गुडघ्यात वाका. मूर्तीचा तोल कुठे आहे, वजन कुठल्या पायावर आहे, हे डोळे तिच्या कमरेच्या उंचीवर आणले की कळतं. वाटल्यास तीच मुद्रा स्वतः करून पाहा. एक पाय सैल, कंबर एका बाजूला, खांदे उलट बाजूला कलते. कुणी पाहत असेल तर पाहू दे.

जुन्या मूर्ती पांढऱ्या दिसतात म्हणून त्या पांढऱ्याच होत्या असं समजू नका. मध्ययुगातल्या लाकडी आणि दगडी मूर्ती सर्रास रंगवलेल्या असत, प्राचीन ग्रीक-रोमनही. चुण्यांच्या खोल भागात, कानामागे, पापण्यांच्या कडेला कधी कधी लाल-निळ्याचा कण अजून टिकून असतो. दुर्बीण इथेही कामी येते.

माहितीपट्टी वाचताना

आधी शिल्प, मग पट्टी. आधी पट्टी वाचली की डोळे फक्त तिथे लिहिलेलंच शोधतात.

पट्टीवर ब्राँझ असं लिहिलेलं असेल तर तारखांकडे लक्ष द्या. कधी दोन असतात: एक मातीत किंवा प्लास्टरमध्ये घडवल्याची, दुसरी ओतल्याची. मधे कित्येक वर्षं गेलेली असू शकतात, शिल्पकार वारलेलाही असू शकतो. बाजूला ३/८ असा आकडा असला तर तो आठांपैकी तिसरा ओतीव पुतळा. फ्रान्समध्ये एका शिल्पाचे बाराच पुतळे मूळ मानले जातात: आठ क्रमांकाचे आणि चार शिल्पकाराच्या वाट्याचे. म्हणूनच फ्रेंच शिल्पकार रोदँचं 'कॅलेचे नागरिक' हे शिल्प फ्रान्समधल्या कॅले शहरातही आहे, लंडनमध्येही आणि इतर शहरांतही, आणि त्यातलं एकही नक्कल नाही. 'खरं कुठलं?' या प्रश्नाला ओतकामात उत्तर नसतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला जरा फसवल्यासारखंच वाटलं होतं.

आधुनिक शिल्प असेल आणि काहीच कळत नसेल, तर 'हे काय आहे?' असं विचारू नका. 'हे इथे का?' असं विचारा. फ्लोरेन्सच्या बेल्वेदेरे किल्ल्यावर २०१५ मध्ये ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्म्लीची शंभराहून अधिक शिल्पं मांडली होती, बहुतेक माणसाच्या आकाराची. काही तटावर उभी, काही फरशीवर पडलेली, काही एकमेकांवर ढिगाने. फ्लोरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या ड्यूकने सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो किल्ला बांधला, त्यातला एक हेतू खालच्या शहरावर नजर ठेवण्याचा होता. त्या तटावर उभी असलेली एकेकटी लोखंडी आकृती पहारेकरी वाटते, आणि पायाशी पडलेला ढीग वेढ्यानंतरचा. हीच शिल्पं विमानतळावर ठेवली असती तर? याच किल्ल्यावर १९७२ मध्ये इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरची प्रचंड शिल्पं होती, पाठीमागे शहराचे घुमट. मूरच्या शिल्पांत मोठाली भोकं असतात. त्यातून पलीकडे काय दिसतं ते पाहणं हाही शिल्प पाहण्याचाच भाग.

बाहेरच्या शिल्पांत गंजलेलं पोलाद दिसलं तर ते निष्काळजीपणामुळे नाही. कॉर्टेन नावाच्या पोलादावर गंजाचा थर मुद्दाम येऊ देतात. तो थरच आतल्या धातूचं रक्षण करतो. पावसानंतर मात्र त्यावरून तांबूस पाणी ओघळतं. पांढऱ्या कपड्यांनी जरा लांबच राहा.

हात मागे

हात लावू नये हे सगळ्यांना माहीत असतं. का, हे माहीत असलं की पाळणं सोपं जातं. बोटांवर तेल आणि घाम असतो. संगमरवराला बारीक छिद्रं असतात, त्यात ते मुरतं आणि डाग काळवंडत जातो. ब्राँझवर हिरवट-तपकिरी थर असतो, तो घासला की आतला पिवळा धातू उघडा पडतो. व्हेरोनातच शेक्सपिअरच्या नाटकातल्या ज्युलिएटच्या ब्राँझच्या पुतळ्याला हात लावला की नशीब उजळतं असं कुणीतरी ठरवलं, आणि इतके हात लागले की मूळ पुतळा २०१४ मध्ये हलवून तिथे प्रतिकृती ठेवावी लागली. तिचाही उजवा स्तन आणि हात लखलखतो.

काही प्रदर्शनांत स्पर्शासाठी वेगळी प्रतिकृती ठेवलेली असते, मुख्यतः दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी. तसा फलक असेल तर जरूर हात लावा, डोळे मिटून. बाकी वेळी हात पाठीमागे बांधून चालायची सवय करा. मुलांना बरोबर नेत असाल तर त्यांना आधीच हा खेळ सांगा: जो हात पाठीमागे ठेवून सगळ्यात जास्त वेळ चालेल तो जिंकला.

आणि फोटो काढताना मागे मागे सरकू नका. मागे काय आहे ते आधी पाहा. फ्लॅश, ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिकला बहुतेक ठिकाणी मनाई असते. आधी माहितीपट्टीचा फोटो घ्या, मग शिल्पाचा. घरी गेल्यावर 'हे कुणाचं होतं?' हा घोळ होत नाही. खरं सांगायचं तर दहा फोटोंपेक्षा वहीतली एक वाकडीतिकडी रेघोटी जास्त शिकवते. चित्र येत नसलं तरी पाच मिनिटं फक्त बाह्यरेषा काढा. खांदा कुठे संपतो आणि मान कुठे सुरू होते, हे पेन्सिल हातात घेईपर्यंत आपल्याला ठाऊकच नसतं.

निघताना

दीड तासानंतर डोळे थकतात, पाय त्याआधीच. बाक दिसला की बसा. तो शिल्पासमोरच असेल तर फारच छान. काही संग्रहालयांत घडीचं स्टूल मागून मिळतं. प्रवेशद्वारापाशी विचारून पाहा. त्याच तिकिटावर पुन्हा आत येता येतं का, हेही विचारा. येत असेल तर बाहेर चक्कर मारून, काही खाऊन उन्हं कलल्यावर परत या आणि सकाळच्या पाचांपैकी एकच शिल्प पुन्हा पाहा. सावल्या बाजू बदललेल्या असतात.

कॅटलॉग घ्यायचा मोह होईल. आधी हातात धरून वजन पाहा आणि विमानातल्या सामानाची मर्यादा आठवा.

बुरूज आता चढा. सान्तांजेलोला गेलात तर वाटेत एका चौकात संगमरवरी देवदूत उभा दिसेल, धातूचे पंख असलेला, राफाएल्लो दा मोन्तेलुपोने सोळाव्या शतकात केलेला. तो पूर्वी किल्ल्याच्या माथ्यावर होता. आता त्या जागी अठराव्या शतकातला ब्राँझचा देवदूत आहे, तलवार म्यान करणारा. जुन्याच्या अगदी जवळ जाऊन त्याचे गुडघे पाहून घ्या, मग वर जाऊन नव्याच्या पायथ्याशी उभे राहा, आणि शेवटी बाहेर पडून नदीवरच्या पुलावरून वळून पाहा. आकाशापुढे तो बोटभर दिसतो, आणि तलवार कुठल्या हातात आहे ते तरीही ओळखू येतं. लॉकरमधली बॅग घेतली ना, ते पूल ओलांडण्याआधी एकदा तपासा.